जेवायला बोलावणारं ॲप

तीर्थपुरीत एक म्हातारी राहत होती, चांगुणाबाई. तीच मी. तिला एक नवरा होता, तातेराव (नाव नातीनं लिहिलं, माझ्या तोंडून निघत न्हाई). अन् एक नात होती ज्योत्स्ना. ती कॉम्प्युटर क्लासात मोबाईलचे ॲप बनवायला शिकून राह्यली होती.

आमच्या माणसाला शुगर. सकाळी गोळी घ्यायची, चौकातल्या चहाच्या हॉटेलात बसायचं अन् बोलत सुटायचं. जेवायची वेळ टळायची. एकदा तिथंच चक्कर येऊन बाकड्यावरून खाली आले. फोन केला तर उचलायचे न्हाईत, म्हणे बोलणं तुटतं. माझा जीव सारखा टांगणीला.

म्हणून मी ठरवलं, आपणच ॲप बनवायचं.

“आजी, तुला अक्षर येत न्हाई,” ज्योत्स्ना म्हणली.

“रंग तर येतात ना?”

तिच्या क्लासात रंगीत ठोकळे जोडून ॲप करतात. पिवळा ठोकळा म्हणजे बटन दाबलं की, जांभळा म्हणजे आवाज सोड. मी पहिल्यांदा जोडलं तर आवाज थांबायचं नावच घेईना. आवाज भरताना मी खोकलले होते, घरभर तोच खोकला वाजत राह्यला. (सूनबाईनं घाबरून मला गरम पाणी आणून दिलं. मी पिलेबी.)

शेवटी जमलं. मी बटन दाबायचं अन् त्यांच्या फोनातून माझा आवाज निघायचा, उचला न्हाईतर नका उचलू.

“आता बोल,” ज्योत्स्ना म्हणली. “गोड बोल पण. रोजच्यासारखं नको.”

मी गळा साफ केला. “अवं, ऐकलं का? जेवायला या ना!”

“आजी, आबांचं नाव तर घे!”

“गप! जन्मात घेतलं न्हाई, आता मोबाईलपुढं घेऊ का?”

दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेल्ती, मंग ॲप मीच पाठवलं. मी माणूस फोटोवरून ओळखते. ह्यांच्या नावाला बुद्धविहाराचा फोटो हाय. विहार दिसला, पाठवून दिलं. (गावाच्या ग्रुपलाबी त्याच विहाराचा फोटो हाय, हे मला कोणी सांगितलं होतं?) अन् आमच्या गावातले म्हातारे ग्रुपवर आलेलं काहीबी जल्दी दाबून टाकतात, तसं हेबी दाबलं अन् सगळ्यांच्या फोनात बसलं.

दुपारी भाकरी झाल्या. मी बटन दाबलं अन् दारात येऊन उभी राह्यले. पाहते तर ह्यांच्यासंगं हॉटेलात बसणारा कडूबा चपला हातात घेऊन पळत येऊन राह्यला. त्याच्या मागं अप्पाराव, मागं रामप्रसाद, मागं सगळं हॉटेल.

“काय झालं वं भाऊजी?”

“वैनी, बायकोनं बोलवलं! इतकं गोड बोलली म्हणजे घरी नक्कीच काहीतरी झालंय!”

आमच्याकडं कोणतीच जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. जो तो समजला, आपलीच. इकडं घरोघरी बायका घाबरल्या, नवरा वेळेवर कसा काय आला!

सगळ्यात शेवटी आमचे आले, सावकाश. माझी छाती फुगली. “आला ना आवाज?”

“कसला आवाज? फोन तर बंद हाय. हॉटेलात ऐकायला कोणी उरलं न्हाई, मंग बसून काय करू?”

पण जेवायला बसले, अन् गरम गरम भाकर खाल्ली.

ज्योत्स्नानं ॲप काढायचं म्हणलं तर गल्लीतल्या बायका भांडायला आल्या. मंग रोज दुपारी मी बटन दाबते अन् हॉटेल रिकामं होतं. आता सगळ्यांना कळलंय, बोलवणारी मीच हाय. तरी उठतात, कारण न्हाई उठलं तर घरचा खरा आवाज ऐकावा लागतो. आमच्या माणसाची शुगर बराबर झाली. क्लासच्या मॅडमनं ज्योत्स्नाला सगळ्यांपुढं उभं करून शाबासकी दिली. घराला चांगले दिवस आले.

काल ह्यांनी पहिल्यांदा फोन चालू ठेवला. आवाज ऐकून घरी आले, जेवले, हात धुतले अन् ज्योत्स्नाला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणले, “लोक म्हणतात ही तुझी आजी हाय. मला खरं सांग, एवढी गोड बोलणारी बाई तू आणली कुठून?”