शंभर मीटरचं अंतर

वन्यप्राण्यांवर खरं प्रेम करणारा माणूस त्यांना एकटं सोडत नाही. याच थोर तत्त्वावर गावातलं छायाचित्रकार मंडळ चालायचं. त्याच्या वार्षिक स्पर्धेत प्रकाशाला पाच गुण, जवळिकीला पन्नास. (छायाचित्रकार जिवंत परतल्यास आणखी दोन. प्राण्याबद्दल नियम नव्हता.)

दाताचे डॉक्टर दरवर्षी दुसरे यायचे. पहिला नंबर चष्मेवाल्याचा, आणि ते डॉक्टरांना ठणकत्या दाढेसारखं छळायचं. यंदा काहीही करून त्याला हरवायचंच! डोंगरातल्या अस्वलापासून शंभर मीटर दूर राहावे, अशी जंगलखात्याची पाटी होती. डॉक्टरांनी त्या पाटीचाही फोटो जवळूनच काढला होता.

"अहो, झूम नावाची सोय असते म्हणे," बायको म्हणाली.

"झूम म्हणजे फोनवरून दात काढणं!"

डॉक्टरांनी शास्त्रशुद्ध मार्ग काढला. आपण हलायचं नाही, गोड बिस्किटं टाकायची आणि अस्वलालाच येऊ द्यायचं. (म्हणजे नियम मोडलाच, तर तो अस्वलाने.) दर रविवारी अस्वल थोडं थोडं पुढे सरकलं. शेवटी तर ते हाताच्या अंतरावर बसून पुडा फुटायची वाट बघू लागलं. डॉक्टर सवयीने म्हणाले, "आ करा." अस्वलाने केला. (पेशंट इतके ऐकत नाहीत.)

फोटो असा आला की दाढेतली कीडसुद्धा दिसत होती. "गोड फार खातं बिचारं," डॉक्टर हळहळले. पहिला नंबर मिळाला, चष्मेवाल्याचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्याच आठवड्यात अस्वल शाळेच्या फाटकावर आलं आणि पहारेकऱ्यासमोर बसून त्याने शहाण्यासारखा आ केला. जंगलखात्याने ठरवलं: सदर प्राण्याने मानवापासूनचे विहित अंतर पाळलेले नाही. खात्याच्या बंदूकवाल्याने मात्र ते काटेकोर पाळलं. गोळी शंभर मीटरवरून झाडली.

बायकोने उरलेला पुडा डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टर ढसाढसा रडले. दोन दिवस दवाखाना बंद होता.

तो फोटो आता दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. येणारा प्रत्येक जण, तुम्ही आत्ता हळहळलात तसाच, आधी हळहळतो. मग गालावर हात धरून उठतो, फोटोला नाक लागेल इतका जवळ जातो आणि हळूच विचारतो, "बिस्किटं कुठली होती हो?"

(संत्र्याच्या क्रीमची. तुम्हीही विचारणारच होतात.)