कुंकू लावलेली सुरी

एका जंगलात, बाळांनो, माणसांचं असतं तसंच एक मोठं हॉस्पिटल होतं. डॉ. अस्वले तिथले मुख्य सर्जन. त्यांचा हात मोठा गुणी, आणि तितकाच केसाळ.

ऑपरेशनच्या खोलीची सिस्टर होती टिटवी. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की बेशुद्ध पेशंटनं उठून बसावं. "कोपरापर्यंत धुवा! नखात मध आहे, डॉक्टरसाहेब! पुन्हा धुवा!" ती सगळ्यांच्या अगदी हात धुवून मागे लागायची. सुऱ्या, कात्र्या, चिमटे स्वतः उकळायची आणि झाकून ठेवायची. कुणी उगाच झाकण उघडलं की त्याला चोच मारायची.

त्यामुळे वर्षभरात एकाही टाक्यात पू झाला नाही. आता गंमत बघा. पू झाला नाही, म्हणून पू होतो हेच सगळे विसरले. "बाई उगाच ओरडते," असं वॉर्डातली माकडं म्हणू लागली.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सुतारपक्ष्यानं आपली चोच पुजली. शिंपी पक्ष्यानं सुई पुजली. अस्वल्यांच्या मनात आलं, आपण तर शस्त्रक्रिया करतो. नावातच शस्त्र! मग आपण का मागे राहायचं?

झाकणं उघडली. सुऱ्यांना कुंकू लागलं, चिमट्यांना हळद लागली, कात्र्यांना झेंडूच्या माळा चढल्या. नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं.

टिटवी धावत आली. "डॉक्टरसाहेब, उद्या सकाळी हरणीचं ऑपरेशन आहे! हे सगळं परत उकळायला हवं."

अस्वल्यांनी कानांवर हात ठेवले. "देवाचं कुंकू उकळून काढायचं? सणासुदीला असं अभद्र बोलू नका, सिस्टर."

हरणीच्या पोटात गाठ होती. आणि हरणी टिटवीची जिवाभावाची मैत्रीण. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते ना? तिथं कळप चरायला आला की हरणी पुढं होऊन सगळ्यांना बाजूनं वळवायची. म्हणून दुसऱ्या दिवशी टिटवी ऑपरेशनच्या खोलीच्या दारात पंख पसरून उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली. दोन रानडुकरांनी तिला उचलून बाहेर ठेवलं.

ऑपरेशन झकास झालं. गाठ निघाली. चौथ्या दिवशी टाके लाल झाले. पाचव्या दिवशी पू आला आणि हरणी तापानं फणफणली.

गव्याच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. पूजा झाली होती का? यथासांग. कुंकू चांगल्या प्रतीचं होतं का? उत्तम. मग चुकलं काय?

"ऑपरेशनच्या आधी टिटवी ओरडली होती," एक रानडुक्कर म्हणालं.

सगळ्यांच्या माना डोलल्या. टिटवी ओरडली की अशुभ, हे जंगलात कुणाला माहीत नाही? टिटवीची बदली धोबीखान्यात झाली.

तिला फार राग आला. रडूही आलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. रोज दुपारी सगळे डॉक्टर वामकुक्षी घेत, तेव्हा ती धोबीखान्यातलं उकळलेलं फडकं घेऊन खिडकीतून आत शिरायची. हरणीची जखम धुवायची, पू काढायची, स्वच्छ पट्टी बांधायची. तेही चकार शब्द न काढता. टिटवीला हे किती जड गेलं असेल, विचार करा! तापाच्या ग्लानीत हरणीला मात्र काहीच कळलं नाही.

पंधरवड्यानं हरणी खडखडीत बरी झाली. डॉ. अस्वल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. यापुढं प्रत्येक ऑपरेशनआधी शस्त्रपूजा करायची, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

घरी निघालेली हरणी धोबीखान्यापाशी थांबली. टिटवी आनंदानं बाहेर आली.

"टिटवे, एक सांगू? रागावू नकोस हं," हरणी म्हणाली. "अशी ओरडत जाऊ नकोस गं. माझा जीवच जायचा होता. तू गप्प बसलीस, म्हणून तर मी वाचले!"

टिटवीनं चोच उघडली. मग तिचं लक्ष हरणीच्या टाक्यांकडे गेलं. टाके छान कोरडे होते. तिनं चोच मिटली.

तात्पर्य : ऑपरेशनपूर्वी हात जोडावेत, ऑपरेशननंतर हात झटकावेत. म्हणजे ते धुवायची वेळच येत नाही.