गुणवंतकाकांच्या वावरात बाई नको

आमच्या भागात कापूस बायाच वेचतात. पुरुष फवारणी करतील, डवरणी करतील, गाठोडी उचलून गाडीत टाकतील. पण कमरेला कापड बांधून बोंडातून कापूस काढणं हे पुरुषाचं काम नाही, असं अल्लीपूरपासून वडनेरपर्यंत सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं आहे. याला अपवाद एकच, आमचे गुणवंतकाका. दिवाळी झाली की ते कमरेला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि आपल्या वावरात एकटेच वेचायला उतरतात. ऑटोत कोंबून कामाला निघालेल्या बाया रस्त्यावरून ओरडतात, "ओ काकाजी, मेंदी लावून देऊ का हाताले?" काका मान वर करत नाहीत. साऱ्या गावाचा कापूस घरात येतो तेव्हा काकांचा झाडावर लोंबत असतो, आणि त्यातला निम्मा वाऱ्यानं उडून माझ्या वावरात येतो.

माझं वावर त्यांच्या शेजारी आहे. मधला धुरा, म्हणजे बांध, दोघांचा. वडनेरला माझं किराण्याचं दुकान आहे, त्यामुळे हा माणूस मला बांधावरही भेटतो आणि काउंटरवरही. दोन्हीकडे तो तेवढाच डोकं खातो.

त्यांच्या वावरात बाई चालत नाही. मजूर बाई नाही, पाहुणी नाही, बियाण्याच्या कंपनीची मुलगी टॅब घेऊन आली तर तिलाही त्यांनी रस्त्यावर उभं करून माहिती दिली. कारण गावाला पाठ आहे. काकांच्या आजाला एक धाकटा भाऊ होता. तो वारला. त्याची बायको अनसूया हिस्सा मागायला वावरात आली, तर आजानं तिला धुऱ्यावरूनच हाकलून दिलं. जाताना तिनं मूठभर माती उचलली आणि म्हणाली, "या मातीत तुमच्या घरची बाई जगणार नाई." मग ती कुठं गेली, कशी मेली, कोणालाच ठाऊक नाही.

पुढं काकांची आई त्याच वावरात कापूस वेचताना साप चावून गेली. कित्येक वर्षांनी काकांची बायको, कमलकाकू, सकाळी चालत निंदायला गेली आणि दुपारी बैलगाडीत निजून घरी आली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. काकांनी डॉक्टरांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून वावरात बाई बंद केली.

"काका, साप कोणाच्या वावरात नाही?" मी एकदा विचारलं.

"तुह्या वावरातला साप, साप हाय," काका म्हणाले. "माह्या वावरातला निरोप हाय."

असल्या गोष्टी मी मानत नाही. तरी माझी बायको हुरडा खायला आली की तिला मी धुऱ्यापासून चार हात अलीकडेच बसवतो. तिकडे ऊन लागतं, असं सांगतो.

काकांच्या वावरात बोलायचीही पंचाईत. आवाज जरा चढला की काका ओठावर बोट ठेवतात, "हळू बोल. बुढी आयकून राह्यली." बुढी म्हणजे अनसूया. पीक चांगलं आलं तर विचारूच नका. पऱ्हाटी छातीइतकी वाढलेली, बोंडांनी फांद्या वाकलेल्या, आणि काका मधोमध उभे राहून कोणालातरी ऐकू जाईल अशा बेतानं ओरडतात, "सत्यानाश झाला! यंदा काहीच नाई झालं वावरात!" एकदा नुकसानीची पाहणी करायला सरकारी माणूस आला. काकांचा आक्रोश ऐकून त्याला वाईट वाटलं. मग त्यानं पऱ्हाटीकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. तेव्हापासून तो या बाजूला फिरकला नाही.

आणि दर वर्षी पेरणीआधी काका दुकानात येतात. नारळ, तांदूळ, हळद, कुंकू. खण दुसऱ्या दुकानातून आणलेला असतो. हे सगळं घेऊन ते धुऱ्यावरच्या एका दगडापुढे बसतात आणि अनसूयेची ओटी भरतात. ओटी बाईनं बाईची भरायची असते. पण घरात बाई नाही, म्हणून हे काम काकांच्या अंगावर. खांद्यावरच्या दुपट्ट्याचा पदर करून ते इतक्या अवघडून बसतात की हसू येतं. गावातल्या बाया तर कपाळावर हात मारतात. "विधवेची ओटी भरते का कोणी? ते आणखीनच चिडत असन!"

"जितेपणी कोणी भरली नाई तिची," काका म्हणतात. "म्हणून तं भरून राह्यलो."

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. सुनंदा परत आली आणि हसू संपलं.

सुनंदा ही काकांची एकुलती एक मुलगी. देवळीला दिली होती. जावई अपघातात गेला, सासरच्यांनी दिराच्या लग्नाचं निमित्त काढून तिची खोली रिकामी करवली, आणि ती बापाच्या दारात आली. काकांनी घर दिलं, ताटात वाढलं. पण ती म्हणाली, "बाबा, आता मी बी येतो वावरात," तेव्हा काकांनी ताट बाजूला सारलं. "वावर तुहं नाई. तिकडं पाय ठेवायचा नाई."

शाप तिला ठाऊक होता. पण तिला वाटलं, हे मुलीला जमीन न देण्याचं निमित्त आहे. कोणालाही तसंच वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच ऑटोत बसून लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. रस्त्यानं ऑटो जायचा, आत मुलगी, वावरात बाप, दोघांच्याही कमरेला कापड. बायांनी आता मेंदीची थट्टा सोडली. त्या गप्प बसून पुढे जायच्या, ते जास्त वाईट वाटायचं.

मी काकांना झापलं. "तिला खरं सांगा न, तिच्या जिवाला भिता म्हणून! पोरगी थुंकेल तुमच्या नावानं."

"थुंकू दे," काका म्हणाले. "थुंकाले जित्ती तं राहीन."

एवढं बोलून ते पुन्हा वेचायला वाकले. मला भडभडून आलं आणि रागही आला.

यंदा थंडीत आभाळ भरून आलं. मोबाइलवर पावसाचे इशारे येत होते. कापूस झाडावर फुटून पांढराधोप झालेला, आणि काकांचा गुडघा सुजलेला. एक ओळ वेचायला त्यांना सकाळ लागत होती. मी माझ्या बाजूला ताडपत्री ओढत होतो, तेवढ्यात सुनंदा पायवाटेनं आली. कमरेला कापड बांधूनच आली होती. सरळ धुऱ्यावर चढली.

"माघारी फिर!" काका ओरडले. हळू बोलायचं ते स्वतःच विसरले. "तुहा काई हक्क नाई इथं! निंघ!"

सुनंदा थांबली. रडली नाही, चिडलीही नाही.

"बाबा," ती म्हणाली, "त्या अनसूयाबाईले तुमच्या आजानं इथूनच हाकललं होतं न? तिचाबी नवरा मेला होता. माह्यावाणी."

इतकी वर्षं जिची मनधरणी केली ती कशी दिसत असेल, हे काकांनी कधी मनात आणलं नसावं. आता ते मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस इथंच बसणार.

ते बसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, धुऱ्यावर ठेवल्या. काठी उचलली आणि लंगडत लंगडत पऱ्हाटीच्या ओळीत शिरले. पुढे ते, मागे सुनंदा. ती एकेक झाड वेचायची, ते काठीनं पुढची जमीन आपटत जायचे. जिथं तिचा पाय पडणार तिथं आधी स्वतःचा उघडा पाय ठेवायचे, दाबून, मुद्दाम. ओळ संपली की वळायचे आणि पुढच्या ओळीत तिच्या आधी शिरायचे. मी ताडपत्री टाकून पलीकडच्या बाजूनं वेचायला लागलो.

दुपार कलली. पाऊस काही आला नाही. सुनंदानं गाठोडं बांधलं आणि बापाच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. वाळल्या काड्यांनी तळवे फाटले होते.

"हे काय करून घेतलं, बाबा? चप्पल काऊन काढली?"

काकांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले, मग पाय पाहिले. "काई चावलं तं नाई न तुले? छातीत दुखून राह्यलं का?"

"नाई," सुनंदा म्हणाली. तिला आता कळलं. पदर तोंडाला लावून ती तशीच उभी राहिली.

काका गाठोड्याला टेकले. सांजपर्यंत ते तिच्याकडे पाहत होते, श्वास चालू आहे की नाही हे बघावं तसे. मग म्हणाले, "उद्या मी पहिले येईन. तू माह्या मागून येजो."