मूत्राशयातल्या अर्जदारांची सुनावणी

तिसऱ्या अँटिबायोटिकचा कोर्स संपला त्याच आठवड्यात प्रमिलाताई दुधगावकरांच्या मूत्राशयातल्या जंतूंनी रहिवासी दाखल्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज केला. अर्ज रीतसर होता. सोबत लॅबचा रिपोर्ट होता आणि त्यात तिन्ही औषधांपुढे 'परिणाम नाही' असं छापलेलं होतं.

कार्यालयानं नियमाप्रमाणे नोटीस काढून ती प्रमिलाताईंच्या फ्लॅटच्या दारावर चिकटवली. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी, असं तिच्यात होतं. जिन्यानं येणारी-जाणारी माणसं थांबून ती वाचत. प्रमिलाताई आत बसून ती थांबलेली पावलं ऐकत. बेल मात्र कोणी वाजवली नाही.

प्रमिलाताई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ भुसावळला असे, तो दिवाळीत फोन करी.

"ताई, आता एकच इंजेक्शन उरलंय," डॉक्टर नसीम मुजावर म्हणाल्या. "सात दिवस ॲडमिट राहावं लागेल. पण जंतूंना दाखला मिळाला की मला त्यांना हात लावता येणार नाही. तुम्ही हरकत नोंदवा."

"विचार करते."

"यात विचार काय करायचा?"

ते प्रमिलाताईंना सांगता आलं नाही. अर्ज केल्यापासून जंतू बोलायला लागले होते. पक्षकार झाल्यावर बोलणं त्यांना भागच होतं. सकाळी ते विचारत, "बाई, आज चहाला उशीर?" आणि प्रमिलाताई सांगत, की दूध नासलं, आता कोरा करते. त्या घरात अशी गोष्ट मोठ्यानं सांगायची वेळ कित्येक वर्षांत आली नव्हती.

गुरुवारी सुनावणी झाली. अव्वल कारकून बाबर फाइल घेऊन बसले. टेबलावर जंतूंचा नमुना असलेली लॅबची छोटी बाटली ठेवली होती आणि त्यांना बोलता यावं म्हणून तिचं झाकण सैल केलं होतं.

"किती दिवसांपासून राहता?" बाबरांनी बाटलीला विचारलं.

"चौदा महिने," बाटलीतून उत्तर आलं. "पहिल्या औषधानं आमच्यातले बहुतेक गेले. पण पाच दिवसांच्या गोळ्या बाईंनी तिसऱ्या दिवशी बंद केल्या. जळजळ थांबली होती. जे थोडे उरले त्यांना सवड मिळाली."

"खरं आहे?" बाबरांनी प्रमिलाताईंना विचारलं.

"हो. बरं वाटलं म्हणून थांबवल्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरांकडे गेलेच नाही. मेडिकलवाल्याकडून आणल्या, त्याही अर्ध्याच घेतल्या."

"तेव्हा आम्ही आणखी शिकलो," बाटली म्हणाली. "तिसरं औषध बाईंनी पूर्ण घेतलं. पण तोवर आमच्यावर ते चालेनासं झालं होतं."

बाबरांनी हे लिहून घेतलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "अडचण अशी आहे, की अर्जदार तुमच्यात राहतात. म्हणजे तुम्ही जिथं राहता तिथं राहतात. तेव्हा आधी तुमचा रहिवास सिद्ध व्हायला हवा. लाइट बिल?"

"भावाच्या नावावर आहे."

"मग दोन साक्षीदार द्या. गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला त्या घरात पाहिलेले."

प्रमिलाताईंनी विचार केला. दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली मिळे. गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून जाई. समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन बाई राहायला आल्या होत्या, त्यांचं नावही माहीत नव्हतं.

"कोणी नाही," प्रमिलाताई म्हणाल्या.

"आम्ही आहोत," बाटली म्हणाली. "बाई तिथंच राहतात. साडेपाचला उठतात. पाणी कमी पितात. दुपारी रेडिओ लावून खुर्चीतच झोपतात. गेल्या महिन्यात दोन दिवस ताप होता, तेव्हा उठल्याच नाहीत. आम्ही होतो."

बाबरांनी नियमांचं पुस्तक चाळलं. साक्षीदार डोळ्यांना दिसला पाहिजे असं त्यात कुठं नव्हतं. त्यांनी साक्ष ग्राह्य धरली आणि प्रमिलाताईंना रहिवासी दाखला दिला. मग जंतूंचा कागद पुढे सरकवला. "तुमची हरकत नसेल तर इथं सही करा."

प्रमिलाताईंनी पेन घेतलं. मग बाटलीकडे पाहून विचारलं, "तुम्ही आहात तिथंच राहाल ना?"



"नाही," बाटलीतून आवाज आला. "वर किडनीत जाऊ. आम्ही वाढतो, बाई. दुसरं काही आम्हाला येत नाही."

"आणि मी?"

"तुम्ही राहणार नाही. मग आम्हीही राहणार नाही."

"कळतं तुम्हाला हे?"

"कळतं. थांबता येत नाही."

प्रमिलाताईंनी हरकतीच्या रकान्यात सही केली. बाबरांनी शिक्का मारला आणि दोन्ही पक्षांना चहा मागवला.

सोमवारी त्या दवाखान्यात दाखल झाल्या. सिस्टरनं फॉर्म भरताना विचारलं, "आजी, सोबत कोण आहे?"

"आहेत," प्रमिलाताई म्हणाल्या. "सात दिवस."

सिस्टरनं तसं लिहून घेतलं.

पहिल्या इंजेक्शननंतर जंतूंनी तक्रार केली नाही. त्यांनी रेडिओवर लागणाऱ्या गाण्यांबद्दल विचारलं, आणि प्रमिलाताईंनी आठवतील तेवढी सांगितली. तिसऱ्या दिवशी आवाज पातळ झाला. पाचव्या दिवशी एकच जण उरला होता. तो म्हणाला, "आज पाणी चांगलं प्यायलात." प्रमिलाताई म्हणाल्या, "हो, दोन तांबे." सहाव्या दिवशी त्यांनी सकाळपासून तीनदा हाक मारली. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सातवं इंजेक्शनही त्यांनी घेतलं. डॉक्टर मुजावरांनी बजावलंच होतं, की या वेळी एकही चुकवायचं नाही.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला, त्यात एकही जंतू उगवला नव्हता. तो घेऊन प्रमिलाताई तहसीलमध्ये गेल्या. बाबरांनी फाइल बंद केली आणि मग चष्मा काढला.

"तुमच्या दाखल्याचे साक्षीदार आता हयात नाहीत. सहा महिन्यांत दोन नवे आणा. नाहीतर तो रद्द होईल."

"बरं," प्रमिलाताई म्हणाल्या.

त्या घरी आल्या. दारावरची नोटीस अजून तशीच होती, एक कोपरा सुटला होता. त्यांनी कुलूप काढलं नाही. वळून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. कणकेचे हात पुसत एक चाळिशीच्या बाई उभ्या होत्या.

"मी प्रमिला दुधगावकर. समोर राहते."

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या दाराकडे पाहिलं.

"तिथं ते जंतू राहतात ना?"

"राहत होते," प्रमिलाताई म्हणाल्या. "मीपण तिथंच राहते."