पंधरावं कुलूप

नियमकाकांची गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटणार होती. दुपारचे बारा वाजून गेले होते, आणि पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यातली वीज अकरापासून बंद होती. ती खुद्द नियमकाकांनीच बंद केली होती. त्याला काही हरकत नव्हती, पण आता ती चालू होत नव्हती. गेटजवळच्या मेन स्विचवर दोन कुलपं लटकत होती आणि ती कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हतं.

नियमकाका म्हणजे कारखान्याचे स्टोअरकीपर. त्यांना काही खरं नावही होतं, पण ते फक्त हजेरीपटावर होतं. गेल्या महिन्यापर्यंत त्यांचा विजेशी संबंध बल्ब मोजून देण्यापुरताच होता. मग एके दिवशी वायरमन आतल्या पॅनलमध्ये हात घालून बसलेला असताना खळ लावणाऱ्या मावशींना उकडायला लागलं आणि त्यांनी बाहेर जाऊन मेन स्विच वर केला. आत एवढा मोठा आवाज झाला की मावशींना वाटलं पंखा फुटला. वायरमन चार हात लांब जाऊन बसला. जीव वाचला, भुवया गेल्या. मावशी आठवडाभर डोळे पुसत होत्या आणि वायरमन आठवडाभर आरशात बघत होता.

मालक घाबरले. सरकारी तपासनीस येणार होता. "आपल्याला एक सुरक्षा अधिकारी पाहिजे," असं ते म्हणाले तेव्हा सगळ्यांनी खाली बघितलं. नियमकाका चष्मा पुसत असल्यामुळे त्यांना खाली बघायला उशीर झाला.

एकदा गळ्यात पडल्यावर मात्र त्यांनी ते काम मनापासून केलं. त्यांनी नियम लिहिला, त्याला चौकट आखली आणि भिंतीवर चिकटवला. मशीनवर काम करायचं तर आधी मेन स्विच खाली करायचा आणि त्याला आपलं कुलूप घालायचं. किल्ली आपल्या खिशात. ते कुलूप ज्यानं घातलं त्यानंच, स्वतःच्या हातानं उघडायचं. दुसऱ्या कोणी उघडायचं नाही, तोडायचं नाही, मालकांनीसुद्धा नाही. "त्या कुलपामागे एका माणसाचा जीव असतो," काका सांगायचे, आणि सांगताना वायरमनच्या भुवयांच्या जागेकडे बोट दाखवायचे.

आज मशीनं साफ करायचा दिवस होता. काकांनी वेल्डिंगवाल्याकडून मेन स्विचचा दांडा अडकवणारी सोळा भोकांची लोखंडी पट्टी करून घेतली होती आणि करवतीलाही दाद न देणारी पोलादी कुलपं आणली होती, सगळी एकसारखी. प्रत्येकाला एकेक कुलूप आणि नावाची एकेक चिठ्ठी. पहिलं कुलूप त्यांनी स्वतः घालून दाखवलं. "असं." मग मालकांसकट तेरा जणांनी घातली. मालक फारच खूश झाले.

"फोटो काढा, काका! तपासनीसाला दाखवू." मग त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण या चिठ्ठ्यांनी कुलपं झाकली जातायत हो. काढा त्या. आणि तो ट्रकवाला काय बघत उभा आहे? त्यालाही द्या एक कुलूप. माणसं जास्त दिसली पाहिजेत."

चिठ्ठ्या काढल्या. ट्रक ड्रायव्हरनं हसत हसत कुलूप घातलं, फोटोत छाती काढून उभा राहिला, मग खोकी भरून निघून गेला. किल्लीसकट.

हे बारा वाजता कळलं. काका यादी घेऊन पट्टीजवळ उभे राहिले, एकेक नाव पुकारलं आणि त्यापुढे खूण केली. तेरा नावं, तेरा कुलपं निघाली. दोन राहिली.

"एक ड्रायव्हरचं," वायरमन म्हणाला. "दुसरं?"

"दुसरं कोणाचं आहे?" काकांनी मोठ्यानं विचारलं. सगळ्यांनी पुन्हा खाली बघितलं. या कारखान्यातल्या लोकांना ती सवयच होती.

ड्रायव्हरला फोन लावला. तो चाळीस किलोमीटर पुढे गेला होता आणि जेवत होता. "एका कुलपासाठी परत येऊ?" त्यानं चावत चावत विचारलं. मालकांनी फोन घेतला आणि जे काही बोलले त्यावरून तो येणार हे सगळ्यांना समजलं.

काकांचं लक्ष मात्र घड्याळाकडे होतं. उद्या सकाळी त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं ठरवलं होतं. पहिल्या खेपेला काका गेले नव्हते, कारण त्याच आठवड्यात नवीन मशीन यायचं होतं आणि स्टोअरच्या किल्ल्या काकांकडे होत्या. मुलगी तेव्हा काही बोलली नाही. तिनं फक्त नातवाचा फोटो पाठवला, आणि त्या गप्प बसण्याचा काकांना आजही धसका होता. या वेळी त्यांनी तीन महिने आधी रजा मागून घेतली होती आणि तिकीट पाकिटात घडी घालून ठेवलं होतं. एक कुलूप सोडलं तर सगळं जागच्या जागी होतं.

पंखे बंद, पत्र्याचं छप्पर, आणि काका सकाळपासून धावपळ करत होते. जेवायला घरी गेले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. काकूंनी तो उतरवायला लावला आणि प्रवासासाठी काढून ठेवलेला दुसरा दिला.

"बॅग भरली. मी स्टेशनवर थेट जाते, तुम्ही तिकडूनच या," काकू म्हणाल्या. "आणि या खेपेला जर का आला नाहीत ना, तर मी तिथेच राहीन. कायमची."

परत आल्यावर काकांनी मालकांच्या मोबाइलवर तो फोटो मोठा करून बघितला आणि डोकी मोजली. चौदा. तेरा आपले आणि एक ड्रायव्हर. पुन्हा मोजली. चौदाच. कुलपं मात्र पंधरा होती.

"याचा अर्थ एकच," काका गंभीरपणे म्हणाले. "आपल्यातल्या कोणीतरी दोन घातली."

"कशाला घालेल कोणी दोन?" मावशी म्हणाल्या.

"गंमत म्हणून! त्या माणसाच्या खिशात आत्ता, या क्षणी, दुसरी किल्ली आहे. आणि तो आपल्यात उभा आहे."

खिसे उलटे झाले. तंबाखू निघाली, रबरबँड निघाले, मालकांच्या खिशातून मागच्या वर्षीच्या लग्नाची पत्रिका निघाली. किल्ली निघाली नाही. संशयानं मात्र घर केलं. पुठ्ठा कापणारा कटिंगवाला म्हणाला, मावशींना स्विचशी खेळायची खोडच आहे. मावशींनी पुन्हा डोळ्यांना पदर लावला. वायरमन मावशींच्या बाजूनं उभा राहिला, यावरून आणखी दोघं भांडले. सकाळी ज्यांचा एकत्र फोटो निघाला होता ते आता एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

"तोडून टाका ते!" मालक कडाडले. "उद्या सकाळी दोन हजार खोकी द्यायची आहेत."

"नाही," काका आडवे आले. "मालक, त्या कुलपामागे एका माणसाचा जीव आहे."

"कोणाचा?"

"ते कळेपर्यंत तोडायचं नाही."

"आणि तोडणार कशानं?" वायरमन म्हणाला. "करवत लावली तर उद्या उजाडेल. ग्राइंडरनं दोन मिनिटांत तुटेल, पण ग्राइंडर विजेवर चालतो."



शेवटी काकांनी नोटीस लिहिली. चौकट आखली. 'ज्या व्यक्तीचे कुलूप राहिले असेल त्या व्यक्तीची सात दिवसांची रजा कोणतेही कारण विचारात न घेता रद्द करण्यात येईल.' मालकांनी सही ठोकली आणि काकांनी ती स्वतः भिंतीवर लावली. चारही कोपरे नीट दाबले.

साडेतीनला ड्रायव्हर आला. त्यानं आपलं कुलूप उघडलं, ते हवेत उडवून झेललं आणि उरलेल्या कुलपाकडे बोट दाखवून विचारलं, "आता हे कोणाचं?" 

चार वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन वाजला. काकू स्टेशनवर पोचल्या होत्या.

"अहो, तुमच्या शर्टाच्या खिशात एक किल्ली सापडली. धुवायला टाकताना हाताला लागली म्हणून बरं. आपल्या घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. फेकून देऊ का?"

काका भिंतीला टेकले. समोर त्यांच्या हातची यादी होती. तेरा नावं. यादी करणाऱ्याचं नाव यादीत नसतं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आणि फोटो? फोटो काढणारा फोटोत कसा येणार? सकाळी "असं" म्हणून घातलेलं ते पहिलं कुलूप त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. दिवसभर ज्याच्या जिवाची काळजी केली तो माणूस सापडला होता, आणि त्याची गाडी एका तासात सुटत होती.

"फेकू नकोस," ते कसेबसे म्हणाले. "जपून ठेव. मी येतोय."

त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. कोणी हसलं नाही, हे त्यांना हसण्यापेक्षा जास्त लागलं. मावशींनी फक्त एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही?" आणि कटिंगवाला नोटीस वाचायला गेला.

ड्रायव्हरनं ट्रक काढला. वाटेत दोन ठिकाणी रस्ता खोदलेला, एक फाटक बंद. ते फाटक उघडेपर्यंत काकांनी आयुष्यात लिहिलेले सगळे नियम मनातल्या मनात फाडून टाकले. स्टेशनवर पोचले तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. गाडी फलाटावर उभी होती आणि काकू डब्याच्या दारात, बॅग पायाशी, चेहरा तापलेला.

"काका, परत जाऊन कुलूप उघडायचं म्हटलं तर गाडी गेली," ड्रायव्हर म्हणाला. "द्या किल्ली माझ्याकडे. मी लावतो. त्यात काय आहे?"

"ज्याचं कुलूप, त्यानंच..." काका म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, बसलात ना गाडीत?"

काकांनी आधी डब्याकडे बघितलं, मग ड्रायव्हरकडे.

"बाबा?" तिचा आवाज एकदम लहान झाला. "काही काम निघालं का?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बसलो, बसलो गं," ते म्हणाले आणि काकूंकडे हात पुढे केला. "किल्ली दे. लवकर." काकूंनी रुमालाची गाठ सोडली, घाईघाईत किल्ली हातावर ठेवली. काकांनी ती ड्रायव्हरच्या मुठीत कोंबली. तीस वर्षांत त्यांनी मोडलेला तो पहिला नियम, आणि तोही स्वतःचा. गाडी सुटली तेव्हा ते खिडकीत बसले होते आणि त्यांना विलक्षण हलकं वाटत होतं. इतकं सोपं असतं हे, त्यांना वाटलं.

अर्ध्या तासानं काकूंना पाण्याची बाटली हवी होती. त्यांनी बॅग मांडीवर घेतली, रुमालात उरलेली किल्ली बॅगेच्या कुलपात घातली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"अहो, हे उघडत का नाही?"

काकांनी किल्ली बघितली. चिमुकली, पितळी, नवीकोरी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात फोन वाजला. वायरमन.

"काका, तुमची किल्ली लागत नाही."

"ती बॅगेची आहे," काका रडवेल्या आवाजात म्हणाले. "खरी माझ्या हातात आहे. माझं चुकलं रे. मालकांना सांग, मी पुढच्या स्टेशनला उतरतो, मी..."

"बरं झालं लागली नाही ते."

"बरं कसलं?"

 वायरमनचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी आत होतो, काका. वीज नाहीच आहे तर मावशींच्या मशीनची जळकी वायर बदलून टाकू म्हटलं. कोपरापर्यंत दोन्ही हात आत. आणि हे सगळे गेटवर किल्ली फिरवत होते. मालक स्विचच्या दांड्याला हात लावून तयार. मला कोणी सांगितलंच नाही."

"आणि तुझं कुलूप?"

"ते तर बारालाच काढलं होतं. परत कशाला घालायचं? म्हटलं, काकांचं आहेच की."

काकांनी हातातली किल्ली मुठीत घट्ट धरली.   काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि बाटलीचा विषय सोडून दिला.

"ऐकताय ना? भुवया आत्ता कुठे परत यायला लागल्या होत्या," वायरमन हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "तुम्ही उतरू नका. मालक म्हणतायत, लेकीकडे जाऊ दे त्यांना. नोटीस फाडली त्यांनी. फक्त विचारतायत, तुमचं कुलूप करवतीनं कापायला घेऊ का? तुमची परवानगी पाहिजे म्हणे, नियमात तसं आहे."

"नियमात तसं नाही," काका म्हणाले. "पण कापा. कितीही वेळ लागू दे. पण आधी तुझं कुलूप घाल."

"अहो, तुमचं कापायचंय तर माझं कशाला..."

"आधी तुझं घाल!" काका इतक्या जोरात ओरडले की अख्खा डबा त्यांच्याकडे बघायला लागला.

फोनवर पावलांचा आवाज आला, गेट करकरलं, आणि मग खट् असा आवाज.

"घातलं, काका."

"किल्ली कुठे आहे?"

"खिशात."

"कुठल्या शर्टाच्या?" नियमकाकांनी विचारलं.