कांबळेसाहेबांचा काळा

कात्रजच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे कांबळेसाहेब प्रत्येक रंगीत कागद प्रिंटरमधून दोनदा काढत. घरोघरी नुकते कुठे कॉम्प्युटर येत होते. मी कॉम्प्युटर कंपनीत, म्हणून प्रिंटर मीच घेऊन दिलेला आणि तक्रारीही माझ्याच गळ्यात. त्यात एका वेळी एकच कार्ट्रिज बसे, रंगीत किंवा काळं. रंगीत बसवलं की काळं अक्षर तीन रंग मिसळून तयार होई. साहेबांनी पहिलाच कागद भिंगाखाली धरला आणि मला बोलावून घेतलं.

"हा काळा?"

"काळाच की."

"शेवाळी आहे. अहो, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढले मी. काळा कशाला म्हणतात, ते आपण मला सांगणार?"

तेव्हापासून आधी नुसता फोटो छापायचा, मग कार्ट्रिज बदलून त्याच कागदावर मजकूर काढायचा, अशी पद्धत पडली. कागद असायचा अमेरिकेतल्या मुलीच्या पत्राचा. ती मराठीत टाइप करून, मध्ये फोटो घालून ईमेलने पाठवायची. एकदा कागद उलटा गेला आणि नातवाच्या कपाळावर 'ती. आईस' उमटलं. साहेब म्हणाले, "काळा मात्र अस्सल आलाय."

"दोन वेगळे कागद घ्या ना," मी म्हणे.

"वाचताना पोराचं तोंड शेजारी हवं."

एका रविवारी पत्र आलं आणि काळं कार्ट्रिज वाळलेलं. दुकानं बंद. मी वैतागून म्हटलं, "एक दिवस शेवाळी चालेल हो!" आणि रंगीतवरच छापून साहेबांच्या पत्नी, काकू, यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला. "नंतर वाचते," म्हणून घडी घातली.

"मी वाचून दाखवू?"

काकू घडी टेबलावर ठेवून आत गेल्या.

"नजर गेलीय तिची," साहेब हळूच म्हणाले. "गडद काळं तेवढं दिसतं. लग्नात तिला अक्षरओळख नव्हती, मी शिकवलं. आता कुणी वाचून दाखवलेलं तिला खपत नाही."

मला फार लाज वाटली.

साहेबांनी कपाटातून जुना टाक आणि नकाशाच्या काळ्या शाईची बाटली काढली. आधी मुलीची ईमेल ते हातानेच उतरवून देत; हात कापायला लागला म्हणून तर त्यांनी प्रिंटर घेतला होता. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरत ते छापलेलं एकेक अक्षर गिरवत बसले. पान संपायला दुपार झाली.

काकू ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. दुसऱ्याच ओळीवर बोट थांबलं.

"हे तुम्ही लिहिलंय."

"छे. प्रिंटरनं काढलंय."

"प्रिंटरचा हात कापत नाही," काकू म्हणाल्या, आणि पुढे वाचू लागल्या.