डावीकडे वळताना हॉर्न वाजतो

गाडी विकायची ठरली ती चकलीमुळे.

आमच्या सुचेताने यंदा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. आधी भिसेगावातल्या चार घरांच्या, मग त्या चार घरांच्या मुंबईतल्या नातेवाइकांच्या, आणि गणपती विसर्जनापर्यंत तिची वही भरली. तळणाला दोन मोठ्या शेगड्या, हाताखाली चिंधीबाई आणि संजना, आणि हे सगळं मांडायला आमच्या घरात जागा एकच, ती म्हणजे पोर्च. पोर्चमध्ये माझी गाडी उभी असते.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेगड्या लागणार," सुचेता म्हणाली. "पोर्चमध्ये एक तर ती गाडी राहील, नाही तर माझी भाजणी."

(तिने गाडीबरोबर माझंही नाव घेतलं नाही, हे मी तिचे उपकार समजतो.)

गाडी चौदा वर्षांची. रंग लाल, म्हणजे घेतली तेव्हा लाल. माझ्यासारखीच सरळमार्गी. सरळमार्गी अशासाठी की गेल्या वर्षापासून तिला एक खोड लागली होती. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडे वळवलं की गप्प. गाडी बंद असली तरी वाजायचा. आमचं फाटक रस्त्याच्या डाव्या हाताला आहे, त्यामुळे मी ऑफिसातून किती वाजता घरी येतो हे अख्ख्या भिसेगावाला ठाऊक होतं.

कर्जतला तालिबचं गॅरेज आहे. बारा वर्षं या गाडीचं दुखणंखुपणं त्यानेच काढलं. त्याला बोलावलं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि त्याने एक आकडा सांगितला. मला वाटलं, टायरची किंमत सांगतोय.

"साहेब, मी घेणार, तिच्यावर काम करणार, मग पुढे विकणार," तो म्हणाला. "त्याचे कापूनच बोलणार ना?"

"कसलं काम? धुवून हवी तर मीच धुवून देतो."

तालिब हसला. माणूस चांगला आहे, पण ते हसणं मला झोंबलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गाडी मी स्वतः विकणार, मोबाइलवर जाहिरात टाकून, चांगल्या घरातल्या माणसाला, चांगल्या किमतीत आणि दसऱ्याच्या आत.

"आणि नाही गेली तर?" सुचेताने विचारलं.

"तर तालिब म्हणेल त्या भावाने दे."

"आणि यापुढे घरातलं काय ठेवायचं, काय काढायचं, ते मी ठरवीन. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. आमच्या घरात माझा शब्द कधी चालला नव्हता, हे खरं आहे. पण तो उघडउघड पणाला लागण्याची ही पहिलीच वेळ होती.

जाहिरात मी मनापासून लिहिली. मी खालापूरला जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून आहे. जे आहे ते आहे आणि नाही ते नाही, असं लिहायची सवय. गाडीचे गुण तीन लिहिले आणि दोष सात. सातवा दोष, 'डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो.' मग फोटो. गाडी बाहेर काढून आंब्याखाली उभी केली, पण ती पूर्ण मावेना, म्हणून मी तीन पावलं मागे गेलो.

त्या तीन पावलांनी माझा घात केला. फोटोत गाडी आली, आंबा आला, विहीर आली, कुंपण आलं, मागे माथेरानचा डोंगरही आला.

पहिला मेसेज दोन मिनिटांत आला. 'जागा किती गुंठे?'

मी सभ्यपणे उत्तर दिलं की जाहिरात गाडीची आहे. समोरून अंगठा आला. त्याखाली प्रश्न, 'गाडीखालची जागा किती गुंठे?'

दिवसभर कचेरीत माझ्या टेबलासमोर जमिनीचीच माणसं असतात. प्लॉटवाले, फार्महाऊसवाले, त्यांचे एजंट, एजंटांचे एजंट. संध्याकाळी घरी येऊन चहा घ्यावा तर आता तीच माणसं मोबाइलमधून घरात शिरली. तीन दिवसांत एकेचाळीस मेसेज आले. त्यांतले गाडीबद्दल दोन. एकाने लिहिलं होतं, 'पितृपक्षात गाडी विकता? घेणार कोण?' आणि दुसऱ्याने, 'लास्ट प्राइस?' याला मी किंमत कळवली. त्याने विचारलं, 'यात विहीर धरली आहे का?'

रविवारी मुलुंडहून एक गृहस्थ सहकुटुंब आले. फोनवर 'बघायला येतो' एवढंच म्हणाले होते. सुचेताने पोहे केले. (मी नको म्हणत होतो. पण घरी आलेल्या माणसाला पोह्यांशिवाय परत पाठवणं तिला जमत नाही.) ते गृहस्थ गाडीला पाठ करून उभे राहिले आणि डोंगराकडे बघत म्हणाले, "कागदपत्रं क्लिअर ना?"

"एकदम. मी पहिलाच मालक."

"बोजा वगैरे?"

"कर्ज केव्हाच फिटलं."

"रस्त्याला अडचण?"

"छे हो, घाटातसुद्धा कधी अडली नाही."

यावर त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने आंब्याखाली पावलं मोजत जाऊन स्विमिंग पूल कुठे येईल ते दाखवलं. पूल माझ्या गाडीच्या बरोबर जागी येत होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की विकायची ती गाडी. ते म्हणाले, "अच्छा, गाडी पण आहे का?" आणि पोह्यांवर आणखी खोबरं मागून घेतलं.

त्यानंतर आला गजा. गजा आमच्या भिसेगावचाच. त्याला टेस्ट ड्राइव्ह हवी होती. मला भरून आलं, कारण तो पहिला माणूस होता ज्याने गाडीचं दार उघडलं. त्याचा एक पार्टनर पुढे बसला आणि मी, गाडीचा मालक, गुडघे हनुवटीला लावून मागे. कर्जतपासून खालापूरपर्यंत गजा तीन ठिकाणी थांबला. तिन्ही ठिकाणी दोघं उतरून शेतात गेले. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी टेप काढली.

आता टेप वाकडी धरलेली मला बघवत नाही. चौतीस वर्षं याच कामात गेलीत. मी रागारागाने उतरलो आणि दुसरं टोक स्वतः धरून मोजणी पुरी करून दिली.

"गाडी ब्येस हाय साहेब," परत आल्यावर गजा म्हणाला. "पण आमाला घ्यायची नाय."

"मग चाळीस किलोमीटर फिरवलीस कशाला रे?"

"आमची सर्विसिंगला दिलीय ना."

मी इतका भडकलो की त्या संध्याकाळी दोन गोष्टी केल्या. दोन्ही करू नका असं सुचेताने सांगितलं होतं. पहिली, गाडीच्या मागच्या काचेवर 'विकणे आहे' आणि खाली माझा नंबर लिहिला. ती कागद चिकटवा म्हणत होती. मी फाटकाचा उरलेला पांढरा ऑइलपेंट घेतला. माझं अक्षर चांगलं आहे, अंक तर टपोरे, लांबूनही वाचता येतात.

दुसरी गोष्ट जाहिरातीत. तिथे सगळ्यात वर मी ठळक ओळ टाकली, 'फक्त गाडी विकणे आहे. जागा विकणे नाही.'

माणूस 'विकायची नाही' असं आपणहून केव्हा लिहितो? अर्थातच त्याला विकायची असते आणि भाव वाढवायचा असतो, तेव्हा. हे मला सोडून सगळ्या तालुक्याला समजलं. दुसऱ्या दिवशी मेसेज दुप्पट झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून माझे थोरले बंधू देवव्रतदादा दारात उभे. चार वर्षांत दादा इकडे फिरकले नव्हते. आता एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा.

"हेमू, आजोबांची जागा परस्पर काढलीस?"

"दादा, मी गाडी विकतोय."

"मग जागेचं नाव कशाला घेतलंस?"

"विकायची नाही म्हणून."

"नाही विकायची तर बोलायचं कारण काय?"

दादांनी जाहीर केलं की गाडी विकली जाऊन गिऱ्हाईक डोळ्यांनी दिसेपर्यंत ते इथेच राहतील. ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून, मांडीवर सातबारा ठेवून बसले. जो येईल त्याला आधी 'अर्धा हिस्सा माझा' असं सांगायचे. गाडीचं खरं गिऱ्हाईक कोणी आलंच असतं, तर अर्धी गाडी कोण घेणार होतं?

आता मी फोनवर ओरडायला लागलो. सभ्यपणा संपला होता. रोज दहा-बारा फोन, आणि प्रत्येकाला मी पहिल्यापासून ऐकवायचो. पोह्यांपासून सुरुवात करायचो, टेपपर्यंत यायचो आणि शेवटी समोरच्याच्या सात पिढ्यांना एकही गुंठा मिळू नये असा आशीर्वाद देऊन फोन ठेवायचो. चिंधीबाई भाजणी निवडता निवडता ऐकत बसायची. "साहेब लय ग्वाड बोलायचं आधी," ती सुचेताला म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुचेताने तालिबला फोन करण्यासाठी मोबाइल हातात घेतला. शेगड्या दारात येऊन पडल्या होत्या. तेवढ्यात फाटकापाशी एक माणूस आला. धोतराचा सोगा खोचलेला, डोक्याला टॉवेल.

"हॉर्नवाली गाडी हितंच का?"

त्याचं नाव गोमा. पोशीरचा शेतकरी. पुतण्याने मोबाइलवर जाहिरात वाचून दाखवली म्हणाला. त्याने डोंगराकडे पाहिलं नाही, विहिरीकडे पाहिलं नाही, दादांच्या सातबाऱ्याकडेही पाहिलं नाही. सरळ गाडीत बसला आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं. हॉर्न वाजला. पुन्हा वळवलं, पुन्हा वाजला. असं बारा वेळा केलं. दादांनी कानांत बोटं घातली.

"बंद असली तरी वाजतोय?"

"हो," मी खाली मान घालून म्हणालो. "दुर्दैवाने."

"आनि दुरुस्त न्हाय ना केला?"

"नाही. पण तालिब करून देईल."

"नगं नगं," तो घाईघाईने म्हणाला. "हाय तसाच ऱ्हाऊ द्या."

इंजिनाबद्दल त्याने विचारलं नाही. मी आपणहून उरलेले सहा दोष सांगायला लागलो, तर "त्येचं काय नाय साहेब" म्हणाला. मी सांगितली ती किंमत त्याने एका रुपयानेही कमी केली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निळ्या फायलीत फॉर्म तयारच होते, सह्या झाल्या. गोमा गाडी घेऊन निघाला, फाटकातून डावीकडे वळला आणि हॉर्न वाजला. तालुक्यात एक तरी माणूस गाडीला गाडी म्हणून बघणारा निघाला, याचा मला फार आनंद झाला.

"काय?" मी सुचेताकडे वळलो.

"मानलं," ती म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दादा दोन किलो चिवडा बांधून घेऊन डोंबिवलीला गेले. पोर्चमध्ये शेगड्या पेटल्या. मी चार दिवस घरात छाती काढून फिरलो.

पाचव्या दिवशी फोन आला. "काका, ती रोडटच जागा किती एकर आहे?"

मी त्याला नेहमीसारखं ऐकवलं. पाठोपाठ दुसरा आला. मग तिसरा. जाहिरात तर मी कधीच काढून टाकली होती. पाचव्या माणसाला मी शिव्या आवरून विचारलं की माझा नंबर मिळाला कुठून. "तुमच्या शेतातल्या गाडीवर लिहिलाय ना," तो म्हणाला. "पोशीरला."

माझ्याकडे आता गाडी नव्हती, म्हणून तालिबच्या स्कूटरवर बसून गेलो. बरोबर रॉकेल आणि फडकं. पोशीरच्या रस्त्याला लागून भाताचं शेत, लोंब्या भरलेल्या, आणि बांधावर माझी गाडी. चाकं काढलेली. स्टिअरिंगला बांधलेली दोरी खिडकीतून निघून थेट गोमाच्या झोपडीपर्यंत गेलेली. गोमाने आम्हाला हौसेने दाखवलं. दोरी ओढली की स्टिअरिंग डावीकडे फिरतं, हॉर्न वाजतो, आणि भातात शिरलेली रानडुकरं डोंगराकडे पळतात.

"आख्ख्या बाजारात असला हॉर्न मिळायचा न्हाय," तो म्हणाला.

गाडीची पाठ रस्त्याकडे होती. मागच्या काचेवर माझे टपोरे अंक. 'विकणे आहे.' आजूबाजूला शेताशिवाय काही नाही.

"साहेब," तालिब हळूच म्हणाला, "गाडी हातात आली की आम्ही पहिलं काम काच पुसायचं करतो. त्याचेच कापतो."

मी फडकं रॉकेलात बुडवलं आणि काचेपाशी गेलो. तोच गोमाने धावत येऊन माझा हात धरला.

"नंबर पुसू नगा साहेब. पाया पडतो."

"अरे, पण लोक मला फोन करून तुझं शेत मागतायत."

"म्हंजे काय? आधी ह्ये एजंट रोज बांधावर यायचे, भात तुडवायचे. आता काचंवरचा नंबर बघून रस्त्यावरूनच तुमाला फोन लावत्यात. तुमी काय बोलताव त्ये ठावं नाय, पण मान्सं अशी गाडीत बसून पळत्यात." त्याने आदराने माझ्याकडे पाहिलं. "डुकरं रोज परत येत्यात साहेब. एजंट एक बी परत आला नाय."

तालिबने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

घरी आल्यावर मी सगळं सुचेताला सांगितलं. मला वाटलं, माझ्यावरच्या या अन्यायाने ती तरी चिडेल. ती कढईतली चकली उलटत राहिली.

"म्हणजे गाडीबरोबर तुम्ही पण गेलात," ती म्हणाली. "तरी मी म्हणत होते, त्याने घासाघीस कशी केली नाही."

एवढ्यात माझा फोन वाजला. नवा नंबर होता. मी तो उचलून बाहेर गेलो, कारण पोशीरला भात अजून उभं आहे.